२०२६ ची एफ-वन गाडी: आधी बघायचं काय, पंख की बॅटरी?

डबलफास्ट (धागाकर्ता)
नव्या गाड्यांचे फोटो आले आणि जिकडेतिकडे तीच चर्चा: नाक किती बारीक, साइडपॉड (कडेचा फुगीर भाग) कुणी किती कापला, पुढची विंग म्हणजे पंख कुणाचा देखणा. माझं म्हणणं जरा तिरपं आहे. बाहेर दिसतंय ते सगळं परिणाम आहे, कारण आत बसलंय.

इंजिन तेच, १.६ लिटरचं व्ही-सिक्स टर्बो. पण त्याची ताकद साधारण ५५० किलोवॅटवरून ४०० च्या आसपास उतरवली, आणि क्रँकशाफ्टला जोडलेली एमजीयू-के ही मोटर १२० वरून थेट ३५० किलोवॅटवर नेली. टर्बोवरची (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा तो टर्बो) एमजीयू-एच ही दुसरी मोटर काढूनच टाकली. बॅटरीतली वापरता येणारी ऊर्जा मात्र ४ मेगाज्यूलच. आता भागाकार करा. ४००० भागिले ३५०, म्हणजे ११.४ सेकंद. भरलेली बॅटरी पूर्ण जोरात साडेअकरा सेकंदांत रिकामी!

एका फेरीत ८.५ मेगाज्यूलपर्यंत परत गोळा करता येतात (सर्किट बघून फिया, म्हणजे नियम करणारी संस्था, ही मर्यादा खाली आणते). म्हणजे पूर्ण जोराचे फार तर २४ सेकंद. मॉन्झा ह्या इटलीतल्या वेगवान सर्किटची फेरी ८० सेकंदांची, त्यात साधारण ६० सेकंद पाय तळाला टेकलेला. मग उरलेल्या ३६ सेकंदांचं काय?

गाडी आखूड केली, टायर अरुंद केले, फ्लोर (गाडीचा तळ) सपाट केला, पंख उघडमीट करायला लावले, ते सगळं ह्या ३६ सेकंदांची उधारी फेडायला, असं माझं मत. पटत नसेल तर सांगा, नव्या गाडीच्या फोटोत तुम्ही सगळ्यात आधी कुठे बघता?

बोरिवली_स्लो
वाखु (वाचनखूण) साठवली. साडेअकरा सेकंद? माझा चार वर्षांचा फोन एकदम उजळ माथ्याने फिरायला लागला.

टॉर्कमामा
डबलफास्टशी सहमत, वर थोडं गणित घालतो.

हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. ७५० किलोवॅटवर गाडी ताशी ३४० जाते असं धरा. बॅटरी संपली, उरले ४००. ४०० भागिले ७५०, त्याचं घनमूळ काढा, येतं ०.८१. म्हणजे तीच गाडी सरळ रस्त्यावर २७५ च्या आसपास येऊन अडकणार. मागून येणाऱ्याकडे बॅटरी शिल्लक असेल तर दोघांच्या वेगात ६०-६५ चा फरक. हे धोकादायक आहे, नुसतं कंटाळवाणं नाही.

आता ड्रॅग (हवेचा विरोध) एक तृतीयांशाने कमी करा. तेच ४०० किलोवॅट गाडीला ३१५ पर्यंत ओढतात. चाकांचा विरोध वगैरे सोडून दिलाय, पण दिशा कळावी. म्हणून सरळ रस्त्यावर पुढचे-मागचे दोन्ही पंख आडवे होतात, हाच स्ट्रेट मोड. ही चैन नाही, त्याशिवाय हे इंजिन चालणारच नाही.

इंजिन ४०० वर का आलं तेही लिहून ठेवतो. पूर्वी इंधनाचा प्रवाह वजनात मोजायचे, तासाला १०० किलो. आता ऊर्जेत मोजतात, तासाला ३००० मेगाज्यूल, कारण इंधन पूर्ण शाश्वत स्रोतांचं आणि प्रत्येक पुरवठादाराचं रसायन वेगळं. ३००० भागिले ३.६ म्हणजे ८३३ किलोवॅट इंधनातून आत जातात. त्यातले ४०० क्रँकला मिळाले तर कार्यक्षमता ४८ टक्के. तुमच्या-आमच्या मोटारीच्या पेट्रोल इंजिनाला हे स्वप्नातही जमत नाही.

काकू_ऑन_स्लिक्स
मामा, गणित झकास, पण निष्कर्षाला विरोध.

फ्लोर सपाट केला तो बॅटरीसाठी नाही. २०२२ च्या गाड्यांत फ्लोरखाली व्हेंचुरी बोगदे होते, गाडीला खाली ओढणारे. डाउनफोर्स (गाडीला खाली दाबणारा जोर) खूप, पण गाडी रस्त्याला चिकटवून ठेवली तरच. जास्त खाली गेली की बोगद्यातला प्रवाह तुटतो, डाउनफोर्स जातो, गाडी वर उसळते, प्रवाह पुन्हा जुळतो, गाडी पुन्हा खाली. हेच ते पॉरपॉइझिंग. त्यावर उपाय म्हणून स्प्रिंगा दगडासारख्या कडक केल्या आणि चालकांच्या पाठी मोडल्या. शिवाय तळाला लावलेली फळी झिजायची. फळी नवी असताना १० मिमी, ९ च्या खाली गेली की गाडी बाद. २०२५ मध्ये लास वेगासला मॅक्लारेन संघाच्या दोन्ही गाड्या ह्याच कारणाने निकालातून गेल्या.

त्यामुळे सपाट फ्लोर आणि मोठा डिफ्यूजर (फ्लोरचा मागे वर चढत जाणारा भाग) बॅटरी नसती तरी आलाच असता. मी फोटोत आधी बघते ती मागची उंची. सपाट फ्लोरला रेक देता येतो, म्हणजे नाक खाली, शेपूट वर. मग अख्खा फ्लोरच डिफ्यूजरसारखा वागतो. पण शेपूट वर उचललं की कडेची फट वाढते आणि बाहेरची हवा आत घुसते. ती अडवायला फ्लोरच्या कडेला भोवऱ्यांची भिंत उभी करावी लागते. ज्याला ती जमली तो रेक देणार, बाकीचे गाडी आडवी ठेवणार. पंखांच्या रंगात हे दिसत नाही.

मी_पवईकर
काकूंना +१. एक जोड: सरळ रस्त्यावर पंख आडवे झाले की वरून दाबणारा भारही घटतो. पूर्वी ३२० च्या वेगाला गाडी सर्वात जास्त दबायची आणि तिथेच फळी घासायची. आता त्याच ठिकाणी ती हलकी होते. म्हणून स्प्रिंगा मऊ ठेवायला वाव आहे.

बोरिवली_स्लो
थोडक्यात, सायन-पनवेलवर अजूनही चालणार नाही.

काकू_ऑन_स्लिक्स
तिथे रणगाड्यालाही रेक बदलावा लागेल रे.

पिटवॉल
मुद्द्यावर येतो. ऊर्जा परत येते ब्रेकमधून, असं सगळे एका ओळीत लिहून मोकळे होतात. किती येते ते मोजून बघा.

गाडी चालकासकट किमान ७६८ किलो, इंधन धरून ८४० समजू. ताशी ३०० वरून १०० वर आणायची. गतिज ऊर्जेतला फरक साधारण २.६ मेगाज्यूल. ह्या ब्रेकिंगला लागतात अंदाजे दोन सेकंद. मोटर जनरेटर होऊन जास्तीत जास्त ३५० किलोवॅटने ओढते, म्हणजे दोन सेकंदांत ०.७ मेगाज्यूल. जेमतेम पाव हिस्सा! बाकीचं सगळं हवेत आणि कार्बनच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन जातं. पुढच्या चाकांना मोटरच नाही, आणि ब्रेकिंगचं मोठं काम तर पुढचीच चाकं करतात.

फेरीत असे आठ जबरी ब्रेक असतील तर ५.६ मेगाज्यूल. ८.५ ला अजून तीन मेगाज्यूल कमी. ते तीन वाटांनी येतात.

एक, वळणात अर्धा थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) असताना इंजिन जास्त जोर लावतं आणि वरचा जोर मोटर बॅटरीत भरते. दोन, ब्रेकच्या आधीच पाय उचलून गाडी घरंगळू द्यायची. तीन, सुपर क्लिपिंग. पाय पूर्ण दाबलेला असतानाच सरळ रस्त्याच्या शेवटी मोटर जनरेटर होऊन इंजिनाच्या ४०० पैकी काही भाग खाते. बाहेरून बघताना वाटतं काहीतरी बिघडलं, गाडी पूर्ण थ्रॉटलवर असूनही हळू होतेय. बिघडलेलं काही नसतं, पुढच्या सरळ रस्त्याची तजवीज चाललेली असते.

चुकतं कुठे तेही सांगतो. मागचा ब्रेक आता अर्धा मोटर आणि अर्धा डिस्क असा चालतो, मेळ ब्रेक-बाय-वायर ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा घालते. बॅटरी भरली किंवा मोटर मध्येच थांबली की तो सगळा भार क्षणात मागच्या डिस्कवर यायला हवा. जरा उशीर झाला की ब्रेकचा तोल पुढे जातो आणि पुढची चाकं लॉक. उलट मोटरने जास्त ओढलं की मागची चाकं अडतात आणि शेपूट बाहेर. मोटर तिप्पट झाली म्हणजे ही चूकही तिप्पट महाग झाली.

दादरचा_पूल
पिटवॉल, तुमची दुसरी वाट आपल्या लोकलवाल्यांना शिकवायला नको. मोटरमन स्टेशन सुटल्यावर जोर लावतो, मग वीज बंद करून डबे घरंगळू देतो, आणि शेवटी रीजनरेटिव्ह ब्रेक. एफ-वनवाले त्याला लिफ्ट अँड कोस्ट म्हणून मिरवतात, इथे विरार गाडी रोज करते.

फरक एवढाच की लोकल ती वीज साठवत नाही. ओव्हरहेड वायरीत परत सोडते आणि जवळपास जोर लावणारी दुसरी गाडी ती खाते. तिला साडेअकरा सेकंदांची काळजी नाही.

बोरिवली_स्लो
मग उपाय सरळ आहे. मॉन्झाला वायर टाका. वर पेंटोग्राफ, आणि शेवटच्या वळणावर न्यूट्रल सेक्शन (वायरीत वीज नसलेला तुकडा).

टॉर्कमामा
आणि इंडिकेटरवर '३ मिनिटे' लागलेलं असताना सातव्या मिनिटाला येणारी फेरारी.

वळणदार
वाचतोय. एक शंका: ओव्हरटेकसाठी डीआरएस (मागच्या गाडीला मागचा पंख उघडू देणारी जुनी सोय) गेलं ना? मग पंख सगळ्यांचेच उघडणार असतील तर पुढच्याला गाठायचं कसं? ३५५ पर्यंत मोटर चालते असं कुठेतरी वाचलं.

पिटवॉल
वळणदार, ३५५ हा आकडा सगळ्यांचा नाही. दोन वेगळे आलेख आहेत.

नेहमीच्या वेळी मोटर ताशी २९० पर्यंत पूर्ण ३५० देते. त्यापुढे सूत्र: १८०० वजा वेगाची पाचपट, उत्तर किलोवॅटमध्ये. ३०० ला ३००, ३२० ला २००, ३४० ला १००. तिथून उतार आणखी खडा, ३४५ ला शून्य.

पुढच्या गाडीपासून ठरलेल्या रेषेवर एक सेकंदाच्या आत असाल तर ओव्हरटेक मोड मिळतो. त्यात सूत्र ७१०० वजा वेगाची वीसपट, पण ३५० च्या वर नाही. म्हणजे ३३७ पर्यंत पूर्ण ताकद आणि ३५५ ला शून्य. शिवाय अर्धा मेगाज्यूल जास्त.

दोन्ही गाड्या ३२० वर असतील तर पुढच्याकडे २०० आणि मागच्याकडे ३५०. दीडशे किलोवॅटचा फरक, म्हणजे दोनशे हॉर्सपॉवर. पण बॅटरीत शिल्लक असेल तरच. नुसतं बटण दाबून काही होत नाही.

वळणदार
दंडवत. म्हणजे मागच्याने आधीच्या वळणापासून काटकसर करायची.

डबलफास्ट
तेच तर म्हणतोय!

अण्णा_परळ
घाई नको. बॅटरीवाद्यांनी एक विसरलंय, वजन.

२०२५ ला ८०० किलो, आता ७६८. गाडी २० सेंटिमीटर आखूड (व्हीलबेस ३६०० ऐवजी ३४०० मिमी), १० सेंटिमीटर अरुंद (१९०० मिमी). पुढचे टायर ३०५ वरून २८० मिमी, मागचे ४०५ वरून ३७५. मोटर मात्र मोठी, तिच्या कंट्रोलरला आणि बॅटरीला थंड ठेवायला रेडिएटर लागतातच. वरून सुरक्षेची चाचणी कडक. रोल हूपला (गाडी उलटली तर चालकाचं डोकं वाचवणारी कमान) पूर्वी १६ जीचा, म्हणजे वजनाच्या १६ पट जोराचा हिशेब होता, आता २०. नाक दोन टप्प्यांत मोडायला हवं, म्हणजे पहिल्या धडकेत तुटून गेलं तरी दुसऱ्या धडकेला काहीतरी शिल्लक राहील. हे सगळं वजन वाढवतं आणि मर्यादा मात्र ३२ किलोने खाली.

ढोबळ हिशेब असा की १० किलो जास्त म्हणजे फेरीला तीन दशांश सेकंद. मग संघ काय करतात? रंग खरवडतात. फोटोत काळा कार्बन उघडा दिसला की समजा वजनाची बोंब आहे. मी आधी ते बघतो. गाडी वजनाच्या आत असेल तर सुटलेले किलो शिशासारख्या जड धातूचे तुकडे करून खाली, हव्या त्या ठिकाणी लावता येतात. पुढच्या-मागच्या तोलाची खरी मजा तिथे असते.

काकू_ऑन_स्लिक्स
अण्णा, काळा रंग हल्ली फॅशनही आहे हं. प्रत्येक काळी गाडी लठ्ठ नसते.

अण्णा_परळ
मान्य. पण चकचकीत काळा असेल तर फॅशन, खरखरीत असेल तर डाएट.

मी_पवईकर
सस्पेन्शनवर कुणीच बोललं नाही. फेरारीने गेल्या वर्षी पुढे पुलरॉड लावला होता, एसएफ-२६ ह्या २०२६ च्या गाडीवर पुढे-मागे दोन्हीकडे पुशरॉड. दोन्ही म्हणजे चाकाची हालचाल स्प्रिंगेपर्यंत नेणारे दांडे.

पुशरॉडचं खालचं टोक चाकाकडे आणि वरचं चेसिसकडे. रॉकर (हालचाल वळवणारा तुकडा), टॉर्शन बार (पिळाची स्प्रिंग) सगळं वर बसतं. हात लगेच पोचतो, सेटिंग पटकन बदलता येतं, पण वजन थोडं उंचावर जातं. पुलरॉड उलटा, वजन खाली पण काम करायला अवघड. मागच्या बाजूला पुशरॉड घेतला की खाली डिफ्यूजरच्या तोंडाशी जागा मोकळी होते. आणि पुढे हा दांडा हवेच्या वाटेतच आडवा येतो. म्हणून तो सस्पेन्शनचा भाग कमी आणि हवा वळवायची पट्टी जास्त. कुठला चांगला हे एकटा दांडा बघून ठरत नाही, मागच्या फ्लोरला कुठली हवा हवी त्यावर ठरतं.

अवांतर: आमच्या पवईच्या आयआयटीची मुलं फॉर्म्युला स्टुडंट ह्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी इलेक्ट्रिक गाडी बांधतात. तिथे बॅटरीतून काढायची मर्यादा ८० किलोवॅट. एफ-वनची एक मोटर म्हणजे तशा चार गाड्या आणि वर थोडं.

टॉर्कमामा
मला पंखांचीच एक भीती आहे. डीआरएसला फक्त मागचा फ्लॅप उघडायचा. आता पुढचा आणि मागचा एकत्र. ब्रेकच्या क्षणी दोन्ही परत उभे राहिले पाहिजेत. पुढचा उभा राहिला आणि मागचा आडवाच राहिला, तर नाक रस्त्याला चिकटलेलं आणि शेपूट हवेत. सरळ भिंतीत. उलट झालं, पुढचा अडकला, तर गाडी वळणारच नाही, पण निदान नाक पुढे ठेवून बाहेर जाईल. दोन्हीपैकी एक निवडायचं झालं तर दुसरं बरं.

बोरिवली_स्लो
कोस्टल रोडवर स्ट्रेट मोड चालेल का?

दादरचा_पूल
चालेल, पण कॅमेऱ्याचं चलनही स्ट्रेट मोडने घरी येईल.

काकू_ऑन_स्लिक्स
पुढच्या चाकांमागच्या त्या उभ्या फळ्यांबद्दल लिहायचं राहिलं. चाकाची घाण हवा आत, गाडीच्या पाठीमागे वळवायची, म्हणजे मागून येणाऱ्याला जरा स्वच्छ हवा मिळेल, हा नियमकर्त्यांचा हेतू. संघांना नेमकं उलट हवं. घाण हवा बाहेर ढकलली की आपला फ्लोर स्वच्छ, मागच्याचं काय व्हायचं ते होवो. म्हणून पुढच्या विंगच्या टोकाकडे आणि ह्या फळ्यांकडे भिंग घेऊन बघा. जिथे कोपरा विनाकारण दुमडलेला दिसेल तिथे कुणीतरी नियमाला वळसा घालतंय.

असं दरवेळी होतं. १९८३ ला सपाट फ्लोर सक्तीचा झाला तेव्हा ब्रॅबम संघाने बाणासारखी बीटी-५२ आणली, बरंचसं वजन मागे. २००९ ला डाउनफोर्स कमी करायचं ठरवलं आणि ब्रॉन संघ दुहेरी डिफ्यूजर घेऊन आला. २०१४ ला मर्सिडीजने टर्बोचेच दोन भाग करून इंजिनाच्या दोन टोकांना ठेवले.

अण्णा_परळ
ह्यावेळची पळवाट इंजिनात शोधा. कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) १८ वरून १६ वर आणला, पण मूळ नियमात तो मोजायचा इंजिन थंड असताना. धातू तापला की फुगतो. पुढचं ज्याने त्याने समजावं, वेगळा धागा काढा नाहीतर हा हजार प्रतिसादांवर जाईल.

वळणदार
परत मूळ प्रश्नावर येऊ का? माझ्यासारख्याने टीव्हीवर पहिली शर्यत बघताना नेमकं काय बघायचं? भिंग माझ्याकडे नाही.

पिटवॉल
कान वापरा. दोन जागा.

पहिली, सुरुवात. एमजीयू-एच टर्बोला विजेने फिरवत ठेवायची, ती आता नाही. आणि सुरुवातीला एमजीयू-के गाडी ताशी ५० ला पोचेपर्यंत वापरता येत नाही. म्हणजे टर्बो फुगवायचा तो नुसत्या एक्झॉस्टने. म्हणून ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) उभं राहून बराच वेळ इंजिन किंचाळत ठेवतील. टर्बो फिरायच्या आत दिवे गेले की गाडी खचकन बसते. ग्रिडवर शेवटी येऊन उभे राहणाऱ्यांना तर वेळच कमी मिळतो, कारण शेवटची गाडी लागली की थोड्याच सेकंदांत दिव्यांचा क्रम सुरू.

दुसरी, सरळ रस्त्याचा शेवट. आवाज तोच राहून वेगाचा आकडा खाली यायला लागला की सुपर क्लिपिंग. कुठल्या गाडीचा आकडा सर्वात उशिरा खाली येतो ते लिहून ठेवा.

आणि ऑनबोर्डवर (गाडीवरच्या कॅमेऱ्यात) गिअर बघा. पूर्वी जे वळण तिसऱ्यात घ्यायचे ते दुसऱ्यात घेताना दिसतील. आरपीएम चढे राहिले की टर्बो जागा राहतो आणि बॅटरीही भरते.

काकू_ऑन_स्लिक्स
पिटवॉल, ही सगळी बॅटरीचीच लक्षणं झाली की. पक्ष बदललात?

पिटवॉल
मी पक्षात नव्हतोच, मी स्टॉपवॉचवाला.

काकू_ऑन_स्लिक्स
बरं, मग अर्धी हार मान्य. सरळ रस्त्यावर डबलफास्टची बॅटरी, वळणात माझा फ्लोर. पण एक लक्षात घ्या, फ्लोर चांगला असेल तर गाडी वळणातून जास्त वेगाने बाहेर पडते. तिला २९० गाठायला कमी ऊर्जा लागते, म्हणजे बॅटरी उरते. तेव्हा वळणदार, सरळ रस्त्याच्या शेवटी ज्याचा आकडा उशिरा खाली येतो, त्याचं मोटर-बॅटरीचं गणित चांगलं की फ्लोर, हे टीव्हीवरून कळायचं नाही.

डबलफास्ट
कळेल. आधीच्या वळणातला सर्वात कमी वेग बघा. तो बाकीच्यांइतकाच असेल आणि तरी आकडा उशिरा पडत असेल तर बॅटरी. वळणातच पाच-सात किलोमीटर जास्त असेल तर काकूंचा फ्लोर. मी तक्ता करतो, फेरी तुम्ही सांगा.

काकू_ऑन_स्लिक्स
पात्रता फेरीतली. शर्यतीत प्रत्येकाकडे इंधन वेगळं असतं. आणि एकाच इंजिनाचे दोन संघ घ्या, मर्सिडीज आणि मॅक्लारेन चालतील. मग मोटर तीच, फरक पडला तर तो बहुतेक माझा.

डबलफास्ट
ठरलं. तक्ता इथेच टाकतो.

बोरिवली_स्लो
मी पॉपकॉर्न आणि पावभाजी दोन्ही आणतो. साडेअकरा सेकंदांत संपवू नका म्हणजे झालं.